‘सोडव रे म्हाराजा’ ते लिव्हिंग विल

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा जीव जाता जात नसला, की तळकोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात: ‘आता ह्येका सोडव रे म्हाराजा.’ त्यात कुणाला पाप वाटत नाही. डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणाले की नळ्या काढून पेशंटला गावी आणायचं, तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालायचं, हेही जुनंच. कागदावर नोंद मात्र ‘नातेवाइकांच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’!

शुद्धीत असलेल्या माणसाने स्वतः अन्न सोडलं तर समाज त्याला प्रायोपवेशन म्हणून मान देतो. रत्नागिरीत स्थानबद्ध राहिलेले सावरकर १९६६ मध्ये तसे गेले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारलं. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या वतीने ठरवायचं कुणी?

हा प्रश्न न्यायालयात आला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. होन्नावरजवळच्या हळदीपूरच्या अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवावं म्हणून याचिका केली. केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे सगळं त्याच करत होत्या, त्यामुळे त्यांचा शब्द हलका नव्हता. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण उपचार थांबवण्याची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीने मोकळी केली. गंमत अशी, की अरुणा मरणासन्न नव्हत्याच. निकालाचा उपयोग मात्र प्रामुख्याने मरणासन्नांना होणार होता. २०१५ मध्ये त्या न्यूमोनियाने गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता मिळाली. अटी मात्र अशा, की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, वर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं डॉक्टरांचं मंडळ. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाने हे जमवायचं कसं? जानेवारी २०२३ मध्ये त्या सहीसाठी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला. इंजेक्शन देऊन मरण आणणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

पुढचं पाऊल गोव्यात पडलं. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. सिंधुदुर्गातले अनेक गंभीर पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तेव्हा ही बातमी आपल्याही घरची.

पण कळा सोसणाऱ्या माणसाची ‘मला मोकळं करा’ ही विनवणी इच्छा मानायची की दुखण्याची ओरड? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन हे तीव्र वेदना शमवणारं औषध ठेवणंच टाळलं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा जाच कमी केला, तरी गावातल्या कॅन्सरच्या पेशंटला ते सहजासहजी मिळत नाही. माझ्या मते आधी ते मिळायला हवं. इच्छापत्राचा कागद त्यानंतर पुढे करावा.