पुढच्या चाकातली टकटक

गाडीच्या पुढच्या बाजूने टकटक येऊ लागली की बहुतेकांच्या तोंडी एकच निदान येते: शॉकअप (चाकाचे हेलकावे शमवणारी नळकांडी) गेले. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या जुन्या हॅचबॅकबाबतही हेच निदान झाले, पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, आणि घराजवळच्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर तीच टकटक पुन्हा ऐकू आली. मेस्त्री प्रामाणिक होते आणि त्यांनी तपासणीही केली होती. परंतु ती ज्या रीतीने केली, त्या रीतीने दोष सापडणे शक्यच नव्हते. असे का झाले, हे समजून घेताना यंत्रशास्त्रातील एक फार देखणी गोष्ट हाती लागते.

आधी कानाविषयी. आवाजाची दिशा आपण बऱ्याच अंशी तो दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून ओळखतो, आणि हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मोकळ्या हवेत तेवढा पुरतो. गाडीत मात्र चाकाजवळचा ठोका आधी पोलादी सांगाड्यात शिरतो, तेथे सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर, म्हणजे हवेतल्याच्या जवळजवळ पंधरापट वेगाने धावतो, आणि पायाखालचा पत्रा, डॅशबोर्ड, दाराची चौकट असे जे जे थरथरेल तेथून पुन्हा हवेत उतरतो. त्यामुळे ‘डावीकडून येतोय’ ही कानाची साक्ष कच्ची असते. आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे टिपून ठेवणे अधिक उपयोगाचे.

पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये एक आडवी पोलादी दांडी असते, तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की ही दांडी पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. तिचे प्रत्येक टोक एका लहान लिंक रॉडने चाकाकडच्या भागाला जोडलेले असते, आणि लिंक रॉडच्या टोकाशी वाटीत घट्ट बसवलेली पोलादी गोळी असते, जिच्यावर रबरी टोपी असते. ही टोपी फाटली की पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची रेती आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, गोळी आणि वाटी झिजतात, आणि मध्ये अर्ध्या मिलिमीटरची पोकळी तयार होते. गॅरेजमध्ये तिला ‘प्ले’ म्हणतात.

नुसती पोकळी मात्र आवाज करत नाही. गोळी वाटीच्या एका बाजूला दाबलेली असेल आणि दाब तसाच टिकून राहिला, तर सांधा कितीही झिजलेला असला तरी मुका राहतो. आवाज होतो तो जोराची दिशा उलटते तेव्हा. त्या क्षणी गोळी पोकळी ओलांडून समोरच्या भिंतीवर आदळते. एवढे लक्षात घेतले की बाकीचे सारे उलगडत जाते. गतिरोधकावरून गाडी सरळ नेली, तर दोन्ही चाके सारखीच उचलली जातात, दांडी पिळली न जाता नुसती फिरते, आणि लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. तोच गतिरोधक तिरका ओलांडला की दोन चाकांच्या उंचीत फरक पडतो, दांडी पिळली जाते आणि ठोका ऐकू येतो. लांब, एकसारख्या वळणावर ताण एकाच दिशेने असतो, म्हणून तेथे टकटक थांबते.

पेव्हर ब्लॉकवर आवाज सर्वाधिक का, याचेही उत्तर साध्या भागाकारात आहे. वरखाली बसलेले, 20 सेंटिमीटर लांबीचे ब्लॉक ताशी 10 किलोमीटर वेगाने ओलांडले, तर चाकाला सेकंदाला सुमारे 14 हिसके बसतात. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेल्या चाकाची स्वतःची कंपनसंख्याही सेकंदाला 10 ते 15 च्या आसपास असते, आणि झोपाळ्याला नेमक्या ठेक्यावर झोका मिळावा तसे चाक नाचू लागते. गाडीचा वरचा भार मात्र सेकंदाला एक-दीड वेळाच हेलकावतो, त्यामुळे बसलेल्याला धक्का फारसा जाणवत नाही, फक्त टकटक ऐकू येते.

आता मेस्त्रींच्या तपासणीकडे वळू. त्यांनी जॅकने पुढचे एकच चाक उचलले आणि लिंक रॉड हाताने हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही. हलणार तरी कसा? एक चाक लोंबकळत आणि दुसरे जमिनीवर असताना दांडी पिळलेल्या अवस्थेत असते, तिच्या ताणाने गोळी वाटीत आवळली जाते आणि पोकळी नाहीशी होते. गाडी रॅम्पवर घेऊन दोन्ही चाके सारखी लोंबकळत ठेवली, तेव्हा तोच रॉड दोन बोटांनी खुळखुळला. खात्रीसाठी दोन्ही लिंक काढून, दांडीची टोके कशालाही लागणार नाहीत अशी बांधून, मेस्त्रींनी त्याच रस्त्यावर गाडी अगदी सावकाश फिरवली, टकटक बंद. लिंकशिवाय गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही चाचणी तेवढ्यापुरतीच करावी.

मधल्या काळात एका नातेवाइकांनी बंपरला लिंबू-मिरची बांधण्याचा आग्रह धरला आणि आणखी एकाने ‘एका फवाऱ्यात आवाज गायब’ अशा जाहिरातीचा स्प्रे आणून दिला. पहिल्याने सांध्यातली पोकळी भरत नाही हे सांगायला नको, पण दुसऱ्याने नुकसान होऊ शकते: स्प्रेत खनिज तेल असेल तर त्याने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते, आणि सस्पेन्शनमधले, म्हणजे चाके गाडीला जोडणाऱ्या यंत्रणेतले, बरेचसे बुश (सांध्यात बसवलेल्या गाद्या) रबराचेच असतात.

त्याच दिवशी लोअर आर्मचा, म्हणजे चाक खालून सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचा, फाटलेला बुशही बदलला, तेव्हा हाच ताणाचा नियम दुसऱ्या रूपात भेटला. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते घसरत नाही, पिळले जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर आतली नळी त्या कोनात पकडली जाते, आणि गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. म्हणून मेस्त्रींना एवढे आवर्जून सांगावे: बोल्ट आधी नुसता बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि मग शेवटचा पाना मारा.