आप्पा उठून उभे राहतात तेव्हा

मे महिन्यातली दुपार. जेवण आटोपून आप्पा हात धुवायला उठले आणि बेसिनपर्यंत पोचायच्या आतच भिंतीला धरून खाली बसले. शुद्ध गेली नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी आली एवढंच. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत मग तर्कांना ऊत आला. ऊन लागलं, साखर उतरली, हार्टचं असेल. ईसीजी झाला, टू-डी इको झाला. हृदय ठणठणीत. रक्तदाब 130/80. आप्पांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे, पण पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की या घेरीशी त्याचा संबंध कुणी जोडलाच नाही.

रक्तदाब मोजला होता तो खुर्चीत बसवून. गोम तिथेच होती.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारी चेताग्रं असतात. ती मेंदूच्या तळाशी खबर देतात, तिथून हुकूम सुटतो, चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे निरोप्या रसायन झिरपतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थोडं जोरात धावतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. आपण तोवर चप्पल शोधत असतो.

पार्किन्सनमध्ये हेच चेतातंतू झडू लागतात. ज्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूतल्या पेशींत सापडतात, ते अल्फा-सिन्यूक्लिन हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंतही साचतं. सोसायटीचा पंप नवा कोरा, पण बटणापासून पंपापर्यंतची वायर उंदरांनी कुरतडलेली, असा प्रकार. इको पंप तपासतो. वायर त्यात दिसत नाही.

वायर दाखवणारी तपासणी आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेव्हिड गोल्डस्टीन यांच्या गटाने 1997 मध्ये पेट स्कॅनने पार्किन्सनच्या रुग्णांच्या हृदयातले हे तंतू नाहीसे झाल्याचं दाखवलं. एमआयबीजी स्कॅन त्याच जातीचा. नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखं दिसणारं, किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं औषध शिरेतून देतात आणि चेतातंतूंची टोकं फसून ते आत ओढून घेतात. पार्किन्सनच्या रुग्णाच्या चित्रात यकृत उजळलेलं असतं, आणि जिथे हृदय असायला हवं तिथे बहुतेकदा नुसता काळोख. मला हे चित्र पहिल्यांदा पाहताना चर्र झालं होतं. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी हा पार्किन्सनचा तोतया. त्यात बिघाड मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत असतो, म्हणून हृदय सहसा नीट दिसतं.

घेरीच्या निदानाला मात्र स्कॅन लागत नाही, साधं बीपीचं मशीन पुरतं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर दोष सापडला. सोबत नाडीही बघावी. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर दाब पडताच नाडी धावते. तंतूच झडले असतील तर ती जेमतेम हलते.

आप्पांच्या बाबतीत त्या दुपारी सगळंच जुळून आलं होतं. ठाण्याच्या दमट उकाड्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं, आणि नुकतीच घेतलेली पार्किन्सनवरची लेवोडोपाची गोळी स्वतःच दाब थोडा उतरवते. भर म्हणून प्रोस्टेटची गोळी. तीही रक्तवाहिन्या सैल करते. (गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. न्यूरोलॉजिस्टपुढे सगळी पाकिटं एकदम ठेवायची.)

उपाय करताना एक पेच असतो. उभं राहिल्यावर पडणारा दाब अनेकांना आडवं झाल्यावर चढतो. म्हणून मिडोड्रिनसारखं दाब वाढवणारं औषध झोपण्याआधीचे तीन-चार तास देत नाहीत. पाण्याची युक्ती त्या मानाने सोपी: अर्धा लिटर पाणी भराभर प्यायलं की काही मिनिटांत दाब वर येतो आणि तासभर तरी टिकतो. पोटाचा पट्टा, उठण्याआधी पोटऱ्या आवळणं, एका ताटाऐवजी थोडं थोडं खाणं, हेही चालतं.

सकाळी दाब सर्वांत नाठाळ असतो, म्हणून आप्पांची कचराळी तलावाची फेरी आता संध्याकाळी असते. रात्री दाब चढू नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्यात. काकूंची तक्रार एकच, पहाटेपर्यंत दोघंही घसरत घसरत पायथ्याशी पोचलेले असतात.