एकाचे चार: सरंजामी इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा हिशेब

इ.स. १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये गव्हाचा एक दाणा पेरला की साधारण चार दाणे हाती येत. आज त्याच मातीत एकाचे चाळीसहून अधिक होतात. विंचेस्टरच्या बिशपच्या मालकीच्या गावांचे हिशेब १२०८-०९ पासून गुंडाळ्यांवर लिहून ठेवलेले आहेत. किती पेरले, किती आले, हे त्यांत वर्षावर्षाने सापडते. राजा, सरदार, शूरशिपाई (नाइट), मठाधिपती, व्यापारी ही सगळी उतरंड या चार दाण्यांवर उभी होती. म्हणून सरंजामशाही समजून घ्यायची तर किल्ल्यापेक्षा खळ्यापासून सुरुवात करणे मला जास्त योग्य वाटते.

पंधरा एकर कसणारे कुटुंब धरू. गावातली ही मधली फळी. तीस एकरवाला मोठा शेतकरी, आणि ज्याच्याकडे झोपडीभोवती चार-पाच एकर किंवा तेवढेही नाही तो मजूर. पंधरातले पाच एकर दरवर्षी पडीक ठेवायचे, पाचांत शरद ऋतूत गहू, उरलेल्या पाचांत वसंतात जव, ओट, वाटाणा, पावटे. गव्हाला एकरी अडीच बुशेल, म्हणजे सुमारे ६८ किलो बियाणे. पाच एकरांना ३४० किलो. एकाचे चार झाले तर उत्पन्न १३६० किलो.

आता वाटे सुरू होतात. दर दहावी पेंढी शेतातच चर्चसाठी बाजूला पडे: १३६ किलो. पुढच्या वर्षीचे बियाणे ३४० किलो. राहिले ८८४. यातला बराचसा गहू विकून जमीनदाराचा रोख खंड भरायचा आणि घरात जव-वाटाण्यावर भागवायचे.

या हिशेबातली खरी मेख वाईट वर्षी दिसते. एकाचे चारऐवजी तीन आले, तर पीक पाव हिश्शाने घटते. पण चर्च आणि बियाणे वजा जाता हातात राहतात ५७८ किलो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. दोनच आले तर पीक निम्मे, आणि हातात फक्त २७२ किलो, चांगल्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कारण बियाणे कमी होत नाही, ३४० किलो बाजूला ठेवावेच लागतात. शिवाय चर्चचा दहावा हिस्सा बियाणे वगळून नव्हे, एकूण पिकावर. बियाणे वजा जाता तो चांगल्या वर्षी तेरा टक्के पडतो, एकाचे दोन आले त्या वर्षी वीस टक्के. उपाशी माणसाने बियाणे दळून खाल्ले की पुढचे वर्षही गेले.

उत्पन्न इतके कमी का? मुख्य कारण नत्र. खत म्हणजे शेण आणि लेंडी; जनावरे वाढवायची तर चराई हवी, आणि लोकसंख्या वाढत गेली तशी चराईची जमीन नांगराखाली जात राहिली. वाटाणा-पावट्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात, पडीक वर्षात जमीन थोडी सावरते, पण तेवढ्याने भागत नसे. इथेही वर्गभेद होता. इंग्लंडच्या पूर्व भागात अनेक गावांत शेतकऱ्याच्या मेंढ्या रात्री जमीनदाराच्याच शेतात बसवायच्या असा हक्क होता. मेंढ्या शेतकऱ्याच्या, लेंडी जमीनदाराच्या जमिनीला. गावातल्या सगळ्या करांमध्ये मला हा सर्वांत खोलवर जाणारा वाटतो, कारण तो पिकाच्या मुळाशीच हात घालतो.

पंधरा एकर एका ठिकाणी नसत. गावाची दोन-तीन प्रचंड मोठी बिनकुंपणाची शेते, त्यात प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या. आदर्श एकरी पट्टी २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद, प्रत्यक्षात बहुतेक पट्ट्या त्याहून अरुंद. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात अशी शेती आजही चालते. लांबी नांगरामुळे आली. भारी चिकणमातीसाठी पुढे उभे पाते, मागे फाळ आणि माती उलटवणारी फळी असा जड नांगर लागे. त्याला अनेकदा आठ बैल. दोन बैलवाला एकटा काय नांगरणार? चार घरांनी बैल एकत्र करायचे, आपल्याकडच्या इर्जिकीसारखेच. आठ बैलांची जोडणी वळवणे फार अवघड, म्हणून तास लांब ठेवायचे आणि कमीत कमी वेळा वळायचे. टोकाशी येण्याआधीच बैल कडेला घ्यावे लागत, त्यामुळे पट्ट्यांना उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. माती वर्षानुवर्षे मध्याकडे उलटवल्याने पट्टीचा वरंबा होई आणि पावसाचे पाणी दोन पट्ट्यांमधल्या सरीतून निघून जाई. जिथे पुढे कुरण झाले तिथे हे वरंबे तिरप्या उन्हात अजून दिसतात. नांगर घालायचा तो वाफसा आल्यावरच. ओल्या चिकणमातीत बैल रुततात आणि ढेकळे दगडासारखी वाळतात. नेमका वाफसा असतो त्या दिवशी जमीनदाराच्या शेतावर वेठ आली, तर स्वतःची पेरणी मागे पडते.

वेठ हा या व्यवस्थेचा कणा. आपला ‘सरंजामशाही’ हा शब्द मराठेशाहीतल्या सरंजामावरून आला, फौज बाळगण्यासाठी दिलेला मुलूख. वरच्या पायऱ्यांवर साम्य आहे: राजाने सरदाराला जमीन द्यायची, सरदाराने शूरशिपायाला, आणि शूरशिपायाने वर्षाला ठरावीक दिवस, बहुधा चाळीस, घोड्यावर चाकरी करायची. पण खाली गावात चालायचे ते वेगळे. तिथे प्रश्न एकच, हा माणूस मोकळा की बांधलेला? बांधलेल्या शेतकऱ्याला व्हिलेन म्हणत. आपण सिनेमातल्या खलनायकाला ‘व्हिलन’ म्हणतो तो शब्द याच्यातूनच निघाला. गावंढळ माणसाला दुष्ट ठरवायला वरच्या वर्गाला फार वेळ लागला नाही. व्हिलेनने आठवड्याचे दोन-तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर राबायचे. अनेक ठिकाणी एक ‘दिवस’ म्हणजे दुपारपर्यंतचे काम, आणि स्वतः न जाता मुलाला पाठवले तरी चाले. सुगीत याहून जादा दिवस द्यावे लागत, मात्र त्या दिवशी जेवण जमीनदाराचे: भाकर, चीज किंवा हेरिंग मासा. सोबत एल, म्हणजे जवाची बिअर, मिळाली तर ती ‘ओली’ वेठ, नाही तर ‘कोरडी’.

मुलीचे लग्न करायचे तर परवानगीचा दंड. घरधनी मेला तर उत्तम जनावर जमीनदाराचे, आणि त्याच्या खालोखालचे अनेकदा पाद्रीचे. आठ बैलांच्या जोडणीत आपला एक बैल गेला की विधवेला इर्जिकीतही मान उरत नसे. १२१५ च्या मॅग्ना कार्टातले, म्हणजे सरदारांनी राजाकडून लिहून घेतलेल्या सनदेतले, बहुतेक हक्क मोकळ्या माणसांसाठी होते. पण विसाव्या कलमात व्हिलेनला दंड करताना त्याची शेतीची साधने हिरावू नयेत, असे आहे. औताशिवाय शेतकऱ्याकडून काहीच वसूल होणार नाही, हे त्या सरदारांना नीट कळत होते.

मोकळा म्हणजे सुखी आणि बांधलेला म्हणजे दरिद्री, असे मात्र समजू नये. तीस एकरवाला व्हिलेन दोन एकरांच्या मोकळ्या माणसाला मजुरीवर ठेवी. गावाचा कारभारी, रीव्ह, हा बहुधा व्हिलेनांतूनच निवडला जाई. नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळे तो बघे, आणि २९ सप्टेंबरला, मायकेलमसच्या सणाला, वर्ष संपले की हिशेब देई. त्याला बहुधा लिहिता-वाचता येत नसे. तो हेझलच्या काठीवर खाचा पाडे: रुंद खाच मोठ्या आकड्याची, बारीक खाच लहान आकड्याची. मग काठी उभी चिरून एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही भाग जुळवले की खाचा आणि लाकडाचे तंतू तंतोतंत बसले पाहिजेत. नंतर कोणी एक खाच वाढवली तर दुसऱ्या अर्ध्यावर ती नसते, खोटेपणा लगेच उघडा पडतो. हिशेबात तूट आली तर ती रीव्हच्या खिशातून.

घरात धूर भरलेला असे. मध्यभागी चूल, धुराडे नाही, धूर गवती छपरातून झिरपत बाहेर. कुडाच्या भिंती, अनेक ठिकाणी एका टोकाला जनावरे. चुलीवर धान्य, वाटाणे, कोबी, कांद्याची पात यांची लापशी शिजत राही. भाकरी अनेकदा गहू आणि राय हे धान्य एकत्र पेरून काढलेल्या मिसळीची. वाईट वर्षात गहू गेला तरी रायने तग धरावा, हा त्यातला हेतू. एल घरोघर बायका काढत.

पीठ मात्र घरी दळायचे नाही. जमीनदाराच्या गिरणीवर न्यायचे आणि सोळावा ते चोविसावा हिस्सा तिथे ठेवायचा. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या देशभरच्या पाहणीत, इंग्लंडमध्ये सहा हजारांच्या आसपास गिरण्या आहेत. घरातल्या जात्याने फुकट दळण होते, म्हणून जाते हाच गुन्हा. सेंट ऑल्बन्सच्या मठाने १३३० च्या दशकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांची दळायची जाती जप्त केली आणि त्यांच्या दगडी तळ्या मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवल्या. मठाधिपती होते वॉलिंगफर्डचे रिचर्ड, खगोलशास्त्रज्ञ आणि विलक्षण घड्याळ बांधणारे. बुद्धी अफाट, आणि गिरणीचा हक्क तितकाच घट्ट धरलेला.

१३१५ मध्ये पाऊस थांबेना. गवत कुजले, पेरलेले सडले, उन्हाअभावी मीठही पिकेना, त्यामुळे मांस टिकवणे मुश्कील. १३१६ ही तसेच गेले, आणि वर दाखवलेला एकाचे दोनचा हिशेब अनेक गावांत प्रत्यक्षात आला. १३१९ पासून गुरांच्या साथीने बैल नेले. १३४८-४९ मध्ये प्लेगने लोकसंख्येचा तिसरा ते अर्धा हिस्सा नेला, आणि तराजू उलटला: आता जमीन भरपूर, हात कमी. मजुरी वाढू लागताच ती जुन्या दरावर रोखण्यासाठी १३४९ मध्ये हुकूम आणि १३५१ मध्ये कायदा निघाला. मजूर त्याला फारसे जुमानत नव्हते. जमीनदारही गुपचूप जास्त देत होते, कारण पीक उभे वाळत होते.

१३८१ च्या उन्हाळ्यात केंट आणि एसेक्समध्ये उठाव झाला. अनेक गावांत लोकांनी आधी जमीनदाराच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या जाळल्या, कारण कोण बांधलेला आणि कोणावर किती वेठ हे त्यांतच लिहिलेले होते. सेंट ऑल्बन्समध्ये लोक मठात शिरले, पन्नास वर्षांपूर्वी बसवलेल्या जात्यांच्या तळ्या फरशीतून उखडल्या, दगडांचे बारीक तुकडे केले, आणि रविवारी चर्चमध्ये पवित्र भाकरीचे तुकडे वाटतात तसे ते आपापसात वाटून घरी नेले.