उतार कुठे आहे? सफारीच्या गाड्या आणि आफ्रिकेतल्या नद्या

बोत्स्वानातल्या मोरेमी अभयारण्यात पुलांना नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. पहिला पूल, दुसरा, तिसरा, चौथा. मोपानेच्या झाडाचे ओंडके शेजारी शेजारी टाकून बांधलेले हे पूल. मोपानेचं लाकूड कठीण असतं, वाळवीला ते सहज दाद देत नाही. गाडी वर चढली की ओंडके एकेक करून खडखडतात. पूर चढलेला असेल तेव्हा मात्र खरी परीक्षा पुलावर नसते, पुलाच्या अलीकडे असते. चढावाशीच पाणी साचलेलं असतं आणि त्या पाण्यातून गेल्याशिवाय पूल गाठता येत नाही.

हे पाणी येतं तेही अवेळी. ओकावांगो नदी अंगोलाच्या डोंगराळ भागातून निघते आणि समुद्राला न मिळता बोत्स्वानाच्या वाळूत पसरून जिरते. अंगोलात पाऊस पडतो जानेवारी-फेब्रुवारीत. जमिनीला उतार इतका कमी की ते पाणी सरकत सरकत बोत्स्वानातल्या माउन गावापर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो, आभाळात ढगही नसतो. म्हणजे आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधायची आपली सवय इथे कामाची नाही. काल गाडी गेली त्या जागी आज अर्धा हात जास्त पाणी असू शकतं.

आपल्याकडे नदी जिथे पायी किंवा गाडीनं ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत त्यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. हा शब्द डच वसाहतकऱ्यांच्या भाषेतून आला. १८७९ सालच्या झुलू युद्धातली प्रसिद्ध लढाई झाली ते रोर्क्स ड्रिफ्ट म्हणजे बफेलो नदीवरचा असाच एक उतार. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन १८४९ मध्ये कालाहारी ओलांडून न्गामी सरोवरापर्यंत गेला तो बैलगाड्यांनीच. या गाड्यांना बैलांच्या लांबलचक जोड्या जुंपायच्या आणि सगळ्यात पुढे कासरा धरून एक पोरगा चालायचा. त्याला ‘फोरलोपर’ म्हणत, म्हणजे पुढे चालणारा. नदी आली की पाण्यात पहिलं पाऊल त्याचं. तळाशी वाळू आहे की गाळ, खड्डा कुठे आहे, हे त्याच्या पायांना आधी कळायचं आणि मग बैलांना. मला या सगळ्या इतिहासात तो पोरगा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाड्यांच्या मालकांची नावं नकाशांवर राहिली. ज्यांच्या पायांनी उतार शोधले त्यांची कुठे नोंद नाही.

पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या मोठ्या भागात तर बैलगाडीचाही उपयोग नव्हता. त्सेत्से माशी चावली की बैल-घोडे दगावायचे. म्हणून सामान माणसांच्या डोक्यावर. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द या पायी तांड्यांचाच. मूळ अरबी ‘सफर’, जो आपणही रोज वापरतो. १९०९ मध्ये अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला केनियात उतरला तेव्हाही त्याच्यामागे शेकडो हमाल होते.

मोटार आली ती या उतारांवरच. पाउल ग्रेट्झ या जर्मन अधिकाऱ्यानं १९०७ मध्ये दार-ए-सलाममधून गाडी काढली आणि १९०९ मध्ये ती अटलांटिकच्या काठी स्वाकोपमुंडला नेली. १९२४ मध्ये कोर्ट ट्रीट दांपत्य दोन क्रॉस्ली गाड्या घेऊन केपटाउनहून कैरोला निघालं. पोचायला १६ महिने लागले. ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) पावसानं गाठलं आणि चिखल-नद्यांत त्यांचे महिने गेले. मोठे पूल त्यानंतरचे. आल्फ्रेड बाइट या धनिकाच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या निधीतून १९२९ मध्ये लिंपोपोवर आणि १९३९ मध्ये चिरुंडूला झांबेझीवर पूल झाले.

लँड रोव्हर १९४८ मध्ये आली, पाठोपाठ टोयोटाची लँड क्रूझर, आणि सफारीची गाडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते रूप ठरलं. या गाड्या पाण्यातून जातात कशा, हे थोडं सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहेत. जुन्या पेट्रोल गाड्यांत पाण्यानं ठिणगीच विझायची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते तग धरतं. पण हवेबरोबर पाणी आत ओढलं गेलं तर डिझेलही वाचत नाही: पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनचे दांडे वाकतात. त्यासाठी हवेची नळी छपराच्या उंचीला नेतात, तिला स्नॉर्कल म्हणतात. ती फक्त इंजिनाचा श्वास वाचवते. खोल पाण्यात गाडी हलकी होते, टायरची पकड सुटते आणि प्रवाह तिला बाजूला रेटतो, त्यावर स्नॉर्कलचा काही इलाज नाही. जाणता चालक लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरसंचात, एकच गिअर धरतो, मध्ये बदलत नाही, आणि इतक्याच वेगानं जातो की बॉनेटसमोर पाण्याची एक लाट तयार व्हावी. त्या लाटेच्या मागे इंजिनाजवळ पाणी थोडं खाली राहतं. घाई केली की ती लाट मोडते.

या कौशल्याची जाहीर परीक्षा पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत व्हायची. १९५३ मध्ये सुरू झालेली ही शर्यत बहुतेकदा ईस्टरच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसात असे. १९६३ आणि १९६८ या दोन्ही वर्षी शेवटपर्यंत फक्त ७ गाड्या पोचल्या. केरिचोत जन्मलेल्या जोगिंदर सिंग यांनी ती ३ वेळा जिंकली.

मोरेमी अभयारण्य १९६३ चं. बाटावाना लोकांनी एलिझाबेथ पुलाने मोरेमी या त्यांच्या राज्यपालक राणीच्या पुढाकारानं आपल्याच जमिनीवर ते राखलं. तिथले रस्ते म्हणजे वाळूतल्या चाकोऱ्या, आणि त्या नदीच्या मर्जीवर आहेत. जवळच्या सावुतीत तर अख्खी नदीच गायब झाली होती. १९८२ च्या सुमारास तिचं पात्र आटलं, माणसं कोरड्या पात्रातून गाड्या नेऊ लागली आणि जवळजवळ तीन दशकांनी पाणी परत आलं.

मोठ्या नद्यांवर चित्र बदललंय. बोत्स्वाना आणि झांबियाच्या सीमेवर काझुंगुला इथे झांबेझी ओलांडायला वर्षानुवर्षं तराफ्यासारखी फेरीबोट होती. २००३ मध्ये जादा भरलेल्या ट्रकमुळे ती कलंडली आणि १८ जण बुडाले. मे २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटरचा पूल खुला झाला. झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो वाकवून बांधलाय. ओळीत दिवसच्या दिवस ताटकळलेल्या ट्रकवाल्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

अभयारण्यांच्या आत मात्र उतार राहिलेत, आणि तिथेच हल्ली फोटोसाठी गाडी वेगात पाण्यात घालायची हौस वाढलीय. मला ती मनापासून खटकते. काठ ढासळतात, आणि बसलेल्या पाणघोड्याला डोहातून पळायला वाट उरत नाही. आपल्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, हे महाराष्ट्रात दर पावसाळ्यात सांगावं लागतं. तिथेही तेच सांगावं लागतं. आपल्याकडे निदान उतरून पाणी चाचपता येतं. मोरेमीच्या ख्वाई नदीत मगरी आहेत. फोरलोपरसारखं पुढे चालायला कुणाला पाठवता येत नाही.

मग जाणता वाटाड्या गाडी काठाशी थांबवतो आणि इंजिन बंद करतो. पलीकडच्या काठावर ओल्या चाकांच्या खुणा कुठे वर चढल्यात ते पाहतो. हत्ती ओलांडत असतील तर पाणी त्यांच्या कुठपर्यंत लागतं ते बघत बसतो. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवतो. तासाभरानं काटकीचं बूड पाण्यात गेलेलं दिसलं, तर गाडी वळवून दुसऱ्या वाटेला लागतो.