निकॉन सोडून कॅनन? आधी साडेशेहेचाळीस मिलिमीटर समजून घ्या

माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो, हडपसरला राहतो आणि सीझनमध्ये त्याचा एकही मुहूर्त रिकामा जात नाही. परवा घरी आला, चहा टाकायच्या आधीच म्हणाला, "मावशी, निकॉन विकून कॅननला जाऊ का? सगळे जातायत." मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे आणि रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढते, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी त्याला म्हटलं, कॅमेरा टेबलावर ठेव, लेन्स काढ आणि देवघराशेजारच्या ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी आण.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक बारीकशी खूण असते, छोटा गोल आणि त्यातून आरपार गेलेली एक रेघ. दहा वर्षं कॅमेरा वापरणाऱ्या लोकांनीसुद्धा ती नीट बघितलेली नसते. त्या रेघेच्या बरोबर खाली, आत, सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा, पृष्ठभाग असतो. आता त्या रेघेपासून पुढे, लेन्स जिथे बसते त्या चकचकीत धातूच्या रिंगपर्यंत पट्टीने मोजायचं. भाच्याच्या निकॉनवर साडेशेहेचाळीसच्या आसपास आलं. खरा आकडा ४६.५ मिमी, आणि तो १९५९ साली निकॉनचा पहिला एफ कॅमेरा आला तेव्हापासून तसाच आहे. याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. कॅननच्या ईएफ माउंटचा (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते तो सांधा) हाच आकडा आहे ४४ मिमी. दोघांत फरक फक्त अडीच मिलिमीटरचा, पण या अडीच मिलिमीटरमुळेच लोकांची कपाटंच्या कपाटं एका कंपनीत अडकून पडलीयेत.

का ते बघू. लांबच्या वस्तूकडून येणारे किरण लेन्स एका ठराविक अंतरावर एकत्र आणते आणि सेन्सर बरोबर तिथेच असायला लागतो. कॅननची लेन्स कॅननच्या अंतरासाठी बनवलेली, ती समजा निकॉनच्या बॉडीवर बसवली तर सेन्सरपासून २.५ मिमी लांब बसणार, आणि मग किती लांबपर्यंत फोकस होईल याचं उत्तर न्यूटनच्या एका साध्या सूत्रात मिळतं, फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्याचा, वर्ग करायचा आणि जेवढी लेन्स पुढे सरकलीये त्याने भागायचा. ५० मिमीची लेन्स घेतली तर ५० चा वर्ग २५००, भागिले २.५, आले १००० मिमी. म्हणजे एक मीटर. त्यापलीकडचं काही शार्प येणारच नाही. २४ मिमीच्या वाइड लेन्सला तर जेमतेम २३ सेंटिमीटर मिळतात.

हे मी नुसतं कागदावर सांगत नाहीये. माझ्या वडिलांच्या जुन्या रशियन कॅमेऱ्याची ५८ मिमीची, आट्यांवर फिरवून बसवायची लेन्स मी जपून ठेवली होती, तिचा आकडा ४५.४६ मिमी. एका दुकानातून निकॉनवर बसणारी साधी धातूची रिंग आणली, लेन्स लावली, घरात देवापुढच्या निरांजनाचा फोटो काढला तर इतका सुंदर आला की मी दुसऱ्या दिवशी पहाटे पर्वतीवर गेले. वरून शहर दिसत होतं, मागे सिंहगड, हवा स्वच्छ, आणि एकही फोटो शार्प येईना. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी सिंहगड म्हणजे निळसर डाग. घरी येऊन आकडेमोड केली, नुसता १.०४ मिमीचा फरक धरला तरी सव्वातीन मीटरच्या पलीकडे फोकस जाणं शक्य नव्हतं, आणि रिंगची स्वतःची जाडी धरली तर त्याहूनही कमी. दुकानदाराने हे विकताना सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. निरांजन हातभर अंतरावर होतं म्हणून आलं, एवढंच.

उलट्या बाजूने मात्र जमतं. निकॉनची लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, लावायची तर मध्ये २.५ मिमीची रिंग घालायला जागा आहे, आणि बरेच लोक तसं करायचे. पण मग प्रकाश जिथून आत येतो त्या छिद्राचा प्रश्न येतो. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये आतलं छिद्र लहानमोठं करायला एक छोटा धातूचा दांडा असतो, बॉडी तो ढकलते. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला तेव्हा असले दांडे, खटके सगळे काढून टाकले आणि बॉडी-लेन्समधला सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंवरून सुरू केला, फोकसची मोटरसुद्धा लेन्सच्या आत घातली. तेव्हा त्यांच्याच जुन्या एफडी लेन्सेस नव्या बॉडीवर चालेनाशा झाल्या, कारण एफडीचा आकडा होता ४२ मिमी आणि मधली रिंग घालायला जागाच नाही. ज्यांनी आयुष्यभराची कमाई त्या लेन्सेसमध्ये घातली होती ते लोक किती चिडले असतील विचार करा. निकॉनने दुसरा रस्ता धरला, माउंट तोच ठेवला आणि फोकसची मोटर बॉडीत घालून स्क्रूड्रायव्हरसारख्या टोकाने लेन्स फिरवायला लागले. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढायची, हे निकॉनवाल्यांना फार आवडायचं आणि मलाही आवडायचं, पण त्याची किंमत आज माझा भाचा मोजतोय, ते पुढे सांगते.

हे आकडे ४२ ते ४७ च्या घरातच का? आरशामुळे. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे ४५ अंशात आरसा असतो, फ्रेमची उंची २४ मिमी, तो आरसा फोटो काढताना वर उचलला जायला पाहिजे, तेवढी मोकळी जागा सोडावीच लागते. आरसा गेला की जागाही गेली. सोनीने २०१० मध्ये ई माउंट १८ मिमीचा केला, मग २०१८ मध्ये निकॉनचा झेड आला १६ मिमीचा आणि कॅननचा आरएफ २० मिमीचा. आणि माझ्या मते इतके लोक गेल्या काही वर्षांत एका कंपनीतून दुसरीकडे गेले त्याचं खरं कारण हे आहे. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचा म्हणजे निकॉनवाल्याला निकॉनमध्येच राहूनही माउंट बदलायचाच होता. घर तसंही बदलायचंय तर दुसऱ्या सोसायटीतला फ्लॅट बघून घेऊ, असं माणसाला वाटणारच.

गंमत म्हणजे आरसा गेल्यावर जागेचा प्रश्न सगळ्यांचाच सुटला. निकॉनची जुनी लेन्स निकॉन झेडवर लावायला ३०.५ मिमीचा अडॅप्टर, कॅनन आरएफवर लावायला २६.५ चा, कॅननची ईएफ सोनीवर लावायला २६ चा. पोकळ नळी आहे, आत काच नाही, चित्राचा दर्जा जराही कमी होत नाही. आता अडतं ते भाषेवर. लेन्स आणि बॉडी सेकंदाला कितीतरी वेळा एकमेकांशी बोलत असतात, इतकं सरक, थांब, मागे ये, आणि प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. स्वतःच्या कंपनीचा अडॅप्टर दोन्ही बोली जाणतो, बाहेरच्या कंपन्यांना त्या ऐकून ऐकून शिकाव्या लागतात. भाच्याची लाडकी ८५ मिमीची लेन्स आहे, जुनी, स्क्रूवर फोकस होणारी. निकॉनच्या स्वतःच्या अडॅप्टरमध्येही ती फिरवणारी मोटर नाही, म्हणजे त्या अडॅप्टरने झेडवर ती हातानेच फोकस करावी लागणार. त्याचा चेहरा उतरला. नवरीचे क्लोजअप तो त्याच लेन्सवर काढतो.

मग त्याने दुसरा मुद्दा काढला, कॅननचे स्किन टोन भारी असतात. यावर आमची अर्धा तास जुंपली.

सेन्सरला मुळात रंग कळतच नाही, त्याला फक्त किती प्रकाश पडला तेवढं कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी बारीक गाळणी बसवतात, हिरव्या दुप्पट, ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. आता या गाळण्या कुठला प्रकाश किती आत सोडतात ते आपल्या डोळ्यातल्या पेशींशी तंतोतंत जुळत नाही, कुठल्याच कंपनीचं जुळत नाही. मग कॅमेरा गणित करून ते आकडे डोळ्याला दिसणाऱ्या रंगांकडे ओढतो, आणि ओढताना कुठे थोडं चुकायचं ते कंपनी ठरवते. त्वचेला सांभाळलं तर दुसरीकडे कुठेतरी जातं. लग्नात सगळ्यांनी बघितलं असेल, जांभळी पैठणी फोटोत निळी दिसते आणि काकू विचारतात हा रंग कुठून आणलास. ते या गणितामुळे. पण हे सगळं कॅमेऱ्यातून तयार जेपीईजी फोटो काढला तर. भाचा रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न केलेली कच्ची फाइल, काढतो आणि कॉम्प्युटरवर रंग करतो, तिथे दोन्ही कॅमेऱ्यांना रंगांचं चांगलं प्रोफाइल लावलं तर फरक इतका कमी होतो की मी तरी पैज लावून ओळखू शकणार नाही. स्किन टोनसाठी लेन्सेस विकणं मला अजिबात पटत नाही.

अंधारातल्या नॉइजचंही, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांचंही, तसंच. प्रकाश कणांनी येतो आणि कण पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात. १०० कण आले तर त्यात १० ची चढउतार, १०,००० आले तर १०० ची, म्हणजे जास्त प्रकाश तर टक्क्यांत नॉइज कमी. हा निसर्गाचा हिशोब आहे, त्यावर कुठल्याही कंपनीचा लोगो नाही. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनच्या छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या साधारण २.३ पट असतं, तो फरक ब्रँडच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. एके काळी सावल्या उजळवल्या की कॅननमध्ये नॉइज जास्त दिसायचा हे खरं होतं, कारण त्यांचं ॲनालॉग ते डिजिटल रूपांतर सेन्सरच्या बाहेरच्या चिपवर व्हायचं, पण २०१६ च्या काही मॉडेल्सपासून त्यांनी ते सेन्सरवरच आणायला सुरुवात केली. आणि निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतले सेन्सर तर सोनी बनवते, हे सांगितल्यावर भाचा दोन मिनिटं गप्प होता.

खरी अडचण हातात असते. मागच्या डिसेंबरमध्ये त्याने मित्राचा कॅनन एका लग्नात वापरून बघितला. मंगलाष्टकं संपत आली, शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली जायला लागला, सगळीकडून अक्षता, याला चेहऱ्यावर झूम करायचं होतं आणि हात सवयीने फिरला तो उलटा, चित्र एकदम वाइड झालं. निकॉन आणि कॅननच्या झूम रिंग उलट दिशांना फिरतात, लेन्स बसवायची दिशासुद्धा उलटी. त्याने हात परत फिरवेपर्यंत नवरा-नवरीच्या माळा घालून झाल्या होत्या. ते सांगताना अजूनही त्याचा आवाज बदलतो, कारण तो क्षण त्या दोघांना परत देता येत नाही.

हाताची आठवण मेंदूत वेगळ्या जागी राहते. हेन्री मोलेसन नावाचा एक रुग्ण होता, मेंदूच्या ऑपरेशननंतर त्याला नवीन काही लक्षात राहायचं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला कागदावरची चांदणी आरशात बघून गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात तयार झाला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला एकदाही आठवायचं नाही. तर हात स्वतंत्रपणे शिकतो, आणि जुनं शिकलेलं पुसत नाही, नवीन त्याच्यावर बसतं. निवांत असताना नवीन वर राहतं, घाईत किंवा ताणात जुनं उसळून येतं. लग्नाचा फोटोग्राफर कायम घाईत.

आणि एक गोष्ट मनाची. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये एक प्रयोग केला, लोकांना घरगुती वस्तूंना गुण द्यायला सांगितले, मग जवळपास सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंपैकी एक भेट म्हणून निवडायला सांगितली आणि परत गुण द्यायला लावले, तर निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि सोडलेलीचे कमी झाले. वस्तू तीच, फक्त आता ती आपली. कॅननला गेलेले भाच्याचे मित्र "लाइफ बदलली" म्हणतात ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तसंच दिसतंय. निकॉनवर पंधरा वर्षं काढलेल्या मलासुद्धा निकॉनच बरा दिसतो, म्हणून मी त्याला माझं मत विचारू नकोस, आकडे बघ असं म्हटलं.

आकड्यांसाठी आम्ही दोघं सेकंडहँड कॅमेरे घेणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने त्याची ८०-२०० मिमीची झूम लेन्स उघडी केली, मोबाइलचा टॉर्च मागून मारला आणि लेन्स हळूहळू तिरकी केली. मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन पांढरे धागे. बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सचं हे होतंच, बाहेरून काहीही कळत नाही. भाव तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

ती लेन्स आता साफ करायला दिलीये. कॅननला जायचं त्याच्या मनातून गेलेलं नाही, त्याला चेहऱ्यावरचा ऑटोफोकस फार आवडलाय आणि ते कारण मला पटतं, कारण अंतरपाट खाली जाताना नवरी मान वर करते तेव्हा डोळा पकडणारा कॅमेरा खरंच कामाचा. फक्त मी त्याला सीझनमध्ये बदलू दिला नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की फारसे मुहूर्त नसतात, तेव्हा कॅमेरा घ्यायचा आणि रोज सकाळी पक्षी बघायला कवडी पाटला माझ्याबरोबर यायचं, शेकाटे आणि चित्रबलाक काही अक्षता टाकत नाहीत, हात उलटा फिरला तरी ते तिथेच असतात. त्याआधी ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतील, त्या तो जुन्या निकॉनवर आणि त्याच ८५ वर काढणार आहे.