लायसोसोमल एन्झाइम चाचणी : पालकांसाठी माहितीपत्रक

बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘लायसोसोमल एन्झाइम’ असे लिहून रत्नागिरी, लांजा, राजापूर भागातून ज्यांना आमच्या रक्तनमुना केंद्रात पाठविले आहे, त्या पालकांसाठी हे पत्रक आहे.

लायसोसोम म्हणजे पेशीतील सूक्ष्म पिशव्या; शास्त्रज्ञ ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी त्या १९५५ मध्ये ओळखल्या. परसातला पालापाचोळा माडाच्या आळ्यात कुजून माडाच्याच कामी यावा, तसे पेशीतील वापरून झालेले मोठे रेणू या पिशव्यांत तुटून पुन्हा उपयोगी पडतात. ही तोड एन्झाइम नावाची प्रथिने करतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. टे-सॅक्स आजारात हेक्सोसअमिनिडेझ-ए काम करीत नाही, त्यामुळे जीएम२ गँग्लिओसाइड हा स्निग्ध पदार्थ चेतापेशींत साठत जातो. बॅटन या, चेतापेशी हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारांच्या गटातील सीएलएन२ आजारात टीपीपी१ हे एन्झाइम निकामी असते. बोलण्यात मागे पडलेल्या मुलाला बहुधा २ ते ४ वर्षांच्या वयात झटके येऊ लागतात आणि पुढे चालणे व दृष्टीही हिरावली जाते.

टीपीपी१ च्या चाचणीसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. रक्ताचे थेंब गाळणकागदावरील वर्तुळांत मागच्या बाजूपर्यंत मुरेस्तोवर घेतले जातात. मुख्य प्रयोगशाळेत त्यांवर एक कृत्रिम पदार्थ घालतात. एन्झाइमने तो तोडला की चमकणारे द्रव्य सुटते आणि त्या चमकेवरून एन्झाइमची काम करण्याची क्षमता मोजली जाते. उष्णतेने एन्झाइम बिघडू नये म्हणून कागद उन्हात किंवा पंख्याच्या गरम झोतात न धरता आडवा ठेवून ३ ते ४ तास सावलीत वाळवावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो नीट वाळला नाही, तर एन्झाइम नमुन्यातच मंदावते आणि निरोगी मूलही आजारी ठरू शकते. अशी शंका आल्यास आम्ही नमुना पुन्हा मागतो; मुलाला दुसऱ्यांदा टोचावे लागते याचे आम्हालाही वाईट वाटते.

अहवाल सामान्य आला तरी शोध थांबवू नये. नीमन-पिक सी या अशाच दुसऱ्या आजारातील एनपीसी१ आणि बॅटन गटातील आणखी एका आजारातील सीएलएन३ ही एन्झाइम नसून पटलात (पातळ आवरणात) बसलेली प्रथिने आहेत, त्यामुळे त्यांच्यातील दोष एन्झाइम चाचणीत कळत नाही; त्यासाठी जनुक तपासणी लागते.

सीएलएन२ मध्ये दोषी जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेले असते, म्हणून माहेर-सासर असा दोष कोणी काढू नये. पुढील प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याचा धोका २५ टक्के असतो. या आजारावरील सर्लिपोनेज अल्फा हे औषध, ज्याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, थेट मेंदूतील पोकळीत दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. ते ऱ्हासाचा वेग कमी करते, मात्र गेलेल्या पेशी परत आणीत नाही. त्यामुळे घरात धाकटे भावंड असेल, तर त्याच्या तपासणीविषयी डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.