तपासणी आधी कोणाची? आनुवंशिक आजारासाठी आमच्याकडे येण्यापूर्वी

“भावाला आजार होता. आता आम्हाला मूल हवे आहे. माझे रक्त घ्या आणि माझ्यात तो आहे का ते सांगा.” आमच्याकडे येणारे बरेचसे फोन असेच सुरू होतात. काळजी रास्त आहे आणि वेळेवर विचारले हेही चांगलेच. तरीही आम्ही लगेच रक्त घेत नाही. आधी भावाचा रिपोर्ट मागतो. यावर अनेकजण नाराज होतात, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

आजाराचे नाव एक असले तरी त्यामागचा जनुकातला बदल घराघरात वेगळा असतो. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे आणि पचनाच्या आजाराच्या एकाच जनुकात आजवर २,००० हून अधिक बदल नोंदले गेले आहेत. तुमच्या घरातला नेमका कोणता, हे आजारी व्यक्तीच्या नमुन्यातच सर्वांत खात्रीने सापडते. तो एकदा सापडला की बाकीच्या नातेवाइकांमध्ये तेवढीच जागा पाहायची असते. उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट मिळते आणि खर्चही कमी येतो. तो माहीत नसताना निरोगी माणसाची तपासणी केली आणि ‘काही सापडले नाही’ असा रिपोर्ट आला, तर दोन शक्यता उरतात: बदल तुमच्यात आलेला नाही, किंवा आला आहे पण त्या तपासणीत दिसला नाही. असा रिपोर्ट घेऊन निश्चिंत झालेली माणसे आम्हाला भेटतात, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ड्युशेन या स्नायूंच्या आजाराचे उदाहरण घ्या. त्याच्या जनुकाचे ७९ तुकडे असतात. बहुतेक आजारी मुलांमध्ये त्यातला एक किंवा सलग काही तुकडे गळालेले असतात, तर काहींमध्ये जनुकाच्या लिपीतले एखादेच अक्षर बदललेले असते. मुलाकडे एक्स गुणसूत्र एकच, त्यामुळे गळालेला भाग चटकन लक्षात येतो. बहिणीकडे दोन एक्स असल्याने दुसरी चांगली प्रत तो झाकून टाकते. नुसती अक्षरे वाचणाऱ्या तपासणीतून तो निसटू शकतो आणि तुकड्यांच्या प्रती मोजणारी एमएलपीए तपासणी करावी लागते. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण बदल बाळगणारी, नसतेच. भावाचा रिपोर्ट समोर असेल तर बहिणीची कोणती तपासणी करायची हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवतो.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती बहीण गरोदर असताना आली तर. पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान घेतात, गर्भजलाचा १५ व्या आठवड्यानंतर. बाराव्या आठवड्यात भावाचे जुने कागद शोधायला लागलात तर हातात काय उरते? म्हणून कळकळीने सांगतो, मुलाचा विचार सुरू होताच या.

आजारी व्यक्ती हयात नसेल तरी मार्ग पूर्ण बंद होत नाही. जुना रिपोर्ट, कुठे जपून ठेवलेला डीएनए, बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला शरीरातला तुकडा), यातले काहीही चालू शकते. दोन्ही पालकांकडून बदल आल्यावरच होणारा आजार असेल, तर आई-वडील दोघांचे नमुने घेऊन शोध घेता येतो.

“आमच्या घराण्यात तर कुणालाच नाही” हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. थॅलेसेमियासारख्या आजारात हेच अपेक्षित असते. आई आणि वडील दोघेही वाहक, दोघेही धडधाकट. प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. आजारी मुलाचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते, म्हणून त्यालाही आम्ही बोलावतो.

काही आजारांना एकाच पालकाकडून आलेला बदल पुरतो आणि तो मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. यात ‘एक पिढी सोडून आला’ असे सांगतात, तेव्हा मधल्या पिढीकडे नीट पाहिले पाहिजे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या त्वचा आणि नसांच्या आजारात कधी आईच्या अंगावर फक्त कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि मुलाला गाठी येतात. आईचे निदान मुलामुळे होते. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, याचा बदल एक्स गुणसूत्रावर असतो. तो वडिलांच्या एक्समधून मुलाकडे जात नाही, मात्र आजारी वडिलांच्या सर्व मुली वाहक असतात. म्हणूनच आम्ही आईच्या बाजूचे मामा आणि मावसभाऊ आवर्जून विचारतो. यात कुणावर ठपका ठेवायचा नसतो. बदल कुणी निवडून घेत नाही, आणि आमच्या टेबलावर ‘दोष कुणाचा’ ही चर्चा आम्ही होऊ देत नाही.

पहिल्या भेटीत प्रश्न फार विचारतात, अशी तक्रार येते. तीन पिढ्यांची वंशावळ काढताना गर्भपात, लहानपणी गेलेली मुले, नात्यातली लग्ने हे विचारावेच लागते. कोणती तपासणी करायची आणि कोणती टाळायची, ते त्यावरूनच ठरते. हंटिंग्टनसारख्या प्रौढ वयातल्या आजारासाठी निरोगी लहान मुलांची तपासणी आम्ही पालकांनी आग्रह केला तरी करत नाही. ते मूल मोठे झाल्यावर तो निर्णय त्याने घ्यायचा आहे.

वंशावळीची प्रत आम्ही तुम्हाला देतो, ती पुढे कुठल्याही डॉक्टरांना दाखवता येते. दूर राहणाऱ्या नातेवाइकांचे नमुने कुरिअरने मागवतो आणि त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर त्यांचा डीएनए आताच साठवून ठेवण्याची सोय आमच्याकडे आहे. तपासणी नंतर केली तरी चालेल, नमुना मात्र पुन्हा मिळेलच असे नाही.

येताना आजारी व्यक्तीचा जनुकीय रिपोर्ट पूर्ण आणा. फोटो पाठवणार असाल तर केवळ पहिले पान नको, ‘सी.’ने सुरू होणारी आकड्या-अक्षरांची ओळ स्पष्ट वाचता आली पाहिजे. प्रती मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये अशी ओळ नसेल, तिथे गळालेल्या तुकड्यांचे क्रमांक दिसू द्या. रक्त भरले असेल तर शेवटची तारीख लिहून आणा, कारण थॅलेसेमियाच्या हिमोग्लोबिन तपासणीत काही आठवडे दात्याचेच रक्त दिसत राहते.